राजाला हुकूम सोडणारी सालोमीबाई

राजा माझा सिंहासनी, कोण हलवी त्याला?
जग डोले पाळण्यापरी, दोरी त्याच्या हाताला!

वा, पेटीवाले, वा! आज सूर कसा अगदी ताज्या दह्यासारखा लागलाय. जरा दम घ्या आता. टाळवाले, तुम्हीही. मला बोलायचंय.

मंडळी, एक प्रश्न विचारतो. उत्तर मनातल्या मनात द्या — मोठ्यानं दिलंत तर शेजारी बसलेल्या बायकोला कळेल! प्रश्न असा: देव तुमच्या घरात कोण आहे? राजा — की गडी?

हसू नका! "राजा, राजा" म्हणून माना डोलवणं सोपं आहे. भिंतीवर "प्रभू या घराचा राजा" अशी पाटी पण लावलीय, झकास रंगवून. पण पहाटे उठून आपण त्या राजाशी बोलतो काय? "प्रभू, मोटरसायकल चालू होऊ दे. प्रभू, रविवारी मटण आणलंय, पाहुणे येऊ देऊ नकोस." आणि ही पुढं बसलेली चिल्लीपिल्ली — ए, चुळबुळ नको, तुमचंच सांगतोय! — ह्यांची प्रार्थना काय? "प्रभू, गणिताच्या मास्तरला ताप येऊ दे!" आता मला सांगा, हा राजाशी बोलण्याचा सूर झाला, की गड्याला कामं सांगण्याचा?

आणि मग एखाद्या दिवशी काम होत नाही. घरात आक्रीत घडतं. लेकरू आपल्या तोंडाकडं बघतं आणि विचारतं, "आई, देव राजा आहे ना? मग हे कसं झालं?" तेव्हा काय सांगायचं? बोला ना! लेकराला देवाचं राजेपण शिकवायचं कसं? मला विचाराल तर मी उत्तर देणार नाही. मी गोष्ट सांगणार. ऐका!

बाभूळमाळ नावाचं एक गाव. नावाप्रमाणंच — माळ आणि बाभळी. पावसाळ्यात हिरवं, उन्हाळ्यात तव्यासारखं तापलेलं. गावाच्या कडेला आपली ख्रिस्ती वस्ती, वस्तीत एक छोटंसं देऊळ, कौलारू, आणि त्या देवळाच्या पडवीत दर रविवारी मुलांना शिकवायला बसायची सालोमीबाई उमाप.

काय सांगू तुम्हाला त्या बाईचं! आवाज असा की पडवीत बोलली तर ओढ्यावर धुणं धुणाऱ्या बायका ऐकायच्या. गोष्ट सांगायला लागली की हातवारे करता करता पदर एकीकडं, चष्मा दुसरीकडं! दाविदाच्या गोफणीनं धिप्पाड गल्याथ पडायचा असेल तर बाई स्वतः धाडकन जमिनीवर पडून दाखवायची. पोरं जीव टाकायची तिच्यावर.

लग्न केलं नव्हतं तिनं. का? तर आईबाप लवकर गेले, आणि पाठीमागं एक धाकटा भाऊ राहिला — बन्यामीन. सगळं गाव त्याला बन्या म्हणायचं. सालोमीनं त्याला वाढवलं, शिकवलं... म्हणजे शिकवायचा प्रयत्न केला! शाळेत काही तो रमला नाही. अंगापिंडानं उंच, दणकट, तोंडावर सदा हसू. विहिरी खोदणाऱ्या टोळीत तो कामाला लागला. विहिरीच्या तोंडावर ती लोखंडी यारी उभी करतात बघा, मोठी बकेट खाली सोडून दगडमाती वर ओढायची — त्या यारीवर. यारी हबीब मिस्त्रीची. हबीब म्हणायचा, "बन्या माझा उजवा हात." आणि बन्या म्हणायचा, "मिस्त्री, मग पगार पण उजव्या हातानं द्या की!"

असा हा भाऊ. बहिणीसमोर मात्र मांजर! आक्कानं "बस" म्हटलं की बसायचा, "ऊठ" म्हटलं की उठायचा. गावात त्याला अडवू शकणारं माणूस एकच — आक्का.

तर ही सालोमीबाई पोरांना देवाचं राजेपण शिकवायची. कसं शिकवायची? ऐका. वर्गात एक मुलगी होती, रिबका पाटोळे. दुसरी-तिसरीतलं पोर, दोन वेण्या, समोरचा दात पडलेला. तिला सगळे रिबी म्हणायचे. बाप संपत पाटोळे, तोही त्याच टोळीत विहिरीच्या कामावर. एकदा रिबीची शेळी हरवली. पोरगी रडत वर्गात आली. बाई म्हणाली, "रडतेस काय? गुडघे टेक! सांग देवाला!" रिबीनं सांगितलं. आणि दिवस कलायच्या आत शेळी दारात हजर — तोंडात कुणाच्या तरी शेतातला मका!

झालं! पुढच्या रविवारी बाईनं सगळ्या वर्गाला सांगितलं, "बघा पोरांनो! आपला देव राजा आहे. राजाला सांगितलं की काम झालंच पाहिजे!"

थांबा, थांबा, मंडळी. वाक्य नीट ऐका. राजाला सांगितलं — की काम झालंच पाहिजे. अहो, हा राजा, की तलाठी कचेरीतला शिपाई? आणि तो कोवळा मका ज्याच्या शेतातला होता, त्यानं त्या दिवशी कुठली प्रार्थना केली होती, ते विचारलं का कुणी? नाही विचारलं! बाईच्या मनात खोट नव्हती हो. पोरांवर माया, देवावर माया. गोड गोष्ट सांगावीशी वाटली, सांगितली. आपणही तेच करतो. लेकरांना औषध द्यायचं तर साखरेत घोळून देतो, आणि घोळता घोळता कधीकधी नुसती साखरच उरते.

मग आला मे महिना. ऊन असं, की चप्पल न घालता अंगणात गेलं तर नाच करायला लागावं! सुट्टी लागली आणि देवळात मुलांची सुट्टीतली शाळा सुरू झाली. सकाळच्या वेळी गाणी, गोष्टी, शेवटी लिमलेटची गोळी. खरं बोलायचं तर निम्मी पोरं त्या गोळीसाठीच यायची! आणि तिकडं नाना म्हणून गावातले एक शेतकरी, त्यांच्या मळ्यात हबीबच्या टोळीचं विहीर खोल करायचं काम चाललं होतं. उन्हाळ्यात पाणी खाली जातं, तेव्हाच विहिरी खणतात. आदल्या दिवशी सुरुंग लावलेला. खालचा खडक फुटला होता, झरा लागायची चिन्हं होती. टोळी खूष!

त्या सकाळी सालोमीबाई पोरांना गाणं शिकवत होती. टाळ्या, उड्या, नुसता कल्ला! आणि एवढ्यात बांधावरून एक माणूस पळत आला. अनवाणी. धापा टाकत.

"बाई! विहीर... विहीर ढासळली! मळ्यातली!"

गाणं थांबलं.

बाई ताडकन पुढं झाली. पहिला शब्द तिच्या तोंडून आला, "बन्या?"

"बन्या वर हाय. यारीपाशी. खाली संपत हाय! बाकीची भाकरी खायला वर आली, संपत पहार घ्यायला खाली थांबला, आन् कड सुटली!"

सालोमीबाईनं श्वास सोडला. मंडळी, खोटं कशाला बोला — त्या एका क्षणात तिला बरं वाटलं. आपला वर आहे! तुम्हालाही वाटलं असतं, मलाही वाटलं असतं. आणि मग तिची नजर गेली वर्गाकडं. रिबी उभी राहिली होती. दोन्ही हात तसेच, टाळी वाजवायला उचललेले.

"बाई, माझे बाबा?"

बाई धावली, पोरीला पोटाशी धरलं, आणि म्हणाली — काय म्हणाली? "रडायचं नाही! देव राजा आहे. तुझे बाबा वर येणार. मी सांगते तुला. येणार म्हणजे येणार!"

कुणाच्या वतीनं वचन दिलं? देवाच्या! देवाला विचारून? छे! विचारायला वेळ कुणाला होता?

सगळे पळाले मळ्याकडं. बाई पुढं, काखेत रिबी, मागं पोरांची रांग. विहिरीपाशी ही गर्दी! बायका कपाळ बडवतायत, माणसं ओरडतायत, आणि मधोमध हबीब मिस्त्री दोन्ही हात पसरून उभा.

"मागं सरा! मागं! कड अजून हलतीय! कुणी जवळ आलं तर मी तंगडं मोडीन!"

आणि खालून आवाज येत होता. संपतचा. अगदी बारीक, पण येत होता. कपारीखाली होता म्हणून वाचला होता. कमरेपर्यंत मुरमात गाडलेला, एक पाय दगडाखाली अडकलेला. आणि तो एकच शब्द ओरडत होता —

"पाणी!"

कुणीतरी म्हणालं, "तहान लागली असंल. बाटली सोडा!"

हबीबनं वाकून बघितलं, आणि त्याचा चेहरा उतरला. "तहान न्हाई, बाबांनो. पाणी लागलंय! झरा फुटलाय खाली. वर चढतंय पाणी!"

बघा मंडळी! ज्या पाण्यासाठी महिनाभर खडक फोडला, ते पाणी लागलं — आणि कुठल्या वेळी लागलं! तालुक्याला फोन झाला. मोठं मशीन निघालं होतं, पण रस्ता लांबचा. पंप लावावा तर वीज गेलेली. आणि माणूस खाली उतरवावा तर कड कधी येईल याचा नेम नाही.

सालोमीबाईनं काय केलं? बाभळीच्या सावलीत सगळी पोरं बसवली. गुडघे टेकवले. आणि आपल्या त्या ओढ्यापर्यंत जाणाऱ्या आवाजात प्रार्थना सुरू केली! "प्रभू, संपतला वर आण! आत्ताच्या आत्ता आण! तू राजा आहेस, तुला अशक्य काय?" पोरं मागं म्हणतायत, "वर आण! वर आण!" आणि सगळ्यांत मोठा आवाज त्या चिमुरडीचा — "माझ्या बाबांना वर आण!"

हे सगळं कोण ऐकत होतं? देव तर ऐकतच होता. पण यारीपाशी उभा असलेला बन्याही ऐकत होता.

एकदम हबीब ओरडला, "ए बन्या! काय करतो? उतर! बकेटीतनं उतर!"

बाईनं डोळे उघडले. बन्यानं सदरा काढला होता, कमरेला दोर बांधला होता, हातात पहार घेतली होती, आणि यारीच्या बकेटीत चढून उभा होता.

सालोमी धावली. कशी धावली! एका हातात रिबीचा हात होता, तो सोडायचं भान नाही, पोरगी फरफटत मागं. दुसऱ्या हातानं तिनं बन्याचं मनगट धरलं.

"बन्या! खाली उतर!"

मंडळी, आयुष्यात पहिल्यांदा तो आक्काचं ऐकेना.

"आक्का," तो म्हणाला — शांतपणे हं, ओरडून नाही — "तूच म्हणालीस ना, येणार म्हणजे येणार? मग आणायला कुणीतरी जायला नको का?"

आता सांगा! काय बोलणार बाई? इकडं रिबीचा हात, तिकडं भावाचं मनगट. पोरीला दिलेलं वचन एका हातात, स्वतःचं काळीज दुसऱ्या हातात! तिनं धरून ठेवलं असतं तर बन्या गेला नसता. ती "नको" म्हणाली असती तर तो थांबला असता, हे तिला माहीत होतं. खालून संपतचा आवाज आता घोगरा झाला होता. पाणी छातीला आलं होतं.

तिनं "जा" म्हटलं नाही. ते तिच्यानं झालंच नसतं. तिनं फक्त बोटं सैल केली.

बकेट खाली गेली!

हबीबच्या हातात यारीचा दांडा, डोळ्यांत पाणी, तोंडानं त्याच्या अल्लाला हाका मारत होता. गाव काठावर नाही, लांब उभं, श्वास रोखून. वर ऐकू येत होता नुसता पहारीचा आवाज. खण! खण! मग मुरूम उपसल्याचा आवाज. मधूनच एखादा खडा सुटून पाण्यात पडायचा — डुबुक! पुन्हा पहार. मग दगड उलथल्याचा आवाज, संपतची एक जीवघेणी किंकाळी... आणि बन्याची आरोळी —

"सुटला! पाय सुटला! मिस्त्री, ओढा!"

ओढली! बकेटीत माणूस एकच मावत होता. बन्यानं संपतला आत घातलं, स्वतःच्या कमरेचा दोर सोडून त्याला बांधला, आणि आपण खाली थांबला. बकेट वर येतेय... वर येतेय... संपतचं डोकं दिसलं! चिखलानं माखलेलं, पण जिवंत! लोकांनी हात घातला, बाहेर काढलं. रिबी सुटली, बापाच्या गळ्यात पडली, "बाबा! बाबा!" गावानं एकच जल्लोष केला! सालोमीबाई दोन्ही हात आभाळाकडं उचलून ओरडली, "प्रभू, तू राजा आहेस!"

ते शब्द तिच्या तोंडात होते, आणि पलीकडची कड खाली गेली.

फार मोठा आवाज झाला नाही. पोतं रिकामं करताना होतो ना, तसा. मग धूळ. मग काहीच नाही.

पेटीवाले, नको. इथं सूर नको.

हबीब "बन्या, बन्या" करत उडी टाकायला निघाला, त्याला चार जणांनी धरून ठेवलं. मशीन आलं. दुपार उतरता उतरता बन्यामीनला वर काढलं. चेहऱ्यावर खरचटलंसुद्धा नव्हतं. झोपल्यासारखा.

आता मंडळी, मला माहीत आहे तुमच्यातलं कुणीतरी मनात म्हणतंय — बुवा आता सांगतील, त्या विहिरीला गोड पाणी लागलं, सगळं गाव पाणी प्यायलं, म्हणून बन्या गेला. नाही! ती विहीर बुजवली. नानांना तिच्याकडं बघवेना. गोष्ट जशी झाली तशीच सांगणार मी, तिच्यात साखर घालणार नाही.

माती झाली. लोक भेटायला यायचे. चहाची बशी तोंडाला लावायचे आणि म्हणायचे, "देवाची इच्छा, बाई." काय सोपं असतं हो दुसऱ्याच्या घरात बसून देवाची इच्छा सांगणं! दोन घोटांच्या मधे सांगून होतं! सालोमीबाई ऐकायची. बोलायची नाही. तो ओढ्यापर्यंत जाणारा आवाज — गेला. घरात गेला, कुठं गेला कुणास ठाऊक. रविवारी पडवी रिकामी. देवळाचे पाळकसाहेब येऊन म्हणाले, "बाई, पोरं वाट बघतायत." ती म्हणाली, "कोणत्या तोंडानं शिकवू, साहेब? मी देवाला हुकूम सोडला होता. त्यानं तो पाळला. किंमत काय, ते मी विचारलंच नव्हतं."

एकटी असली की देवाशी भांडायची. हो, भांडायची! "एक मागितला तर दुसरा नेलास? हे काय राज्य आहे?" असं विचारायची. तुम्हाला वाटेल पाप केलं. मी म्हणतो, निदान दार लावून बसली नव्हती. भांडायला का होईना, राजाच्याच दारात उभी होती ना!

असे दिवस चालले, आणि एके दिवशी दारात रिबीची आई. पदराचं टोक हातात पिळत उभी.

"बाई, यायला तोंड नाही मला. पण पोरीचं कसंतरीच झालंय. जेवत नाही, खेळत नाही. बाप खाटेवर पाय बांधून पडलाय, त्याच्याजवळ जात नाही. रात्रंदिवस कणगीमागं जाऊन बसते. काय झालं विचारलं तर म्हणते, बाईंना सांगू नका."

सालोमी उठली. मंडळी, त्या घराकडं जाणं किती अवघड असेल! ज्या माणसासाठी आपला भाऊ गेला, तो माणूस तिथं जिवंत बसलेला आहे. प्रत्येक पावलाला पाय मागं ओढतोय. पण लेकराचं नाव निघालं होतं, आणि ही त्या लेकराची बाई होती.

घरात शिरली. संपत खाटेवर. तिला बघितलं आणि त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं. खांदे हलत होते.  ती सरळ कणगीपाशी गेली आणि खाली जमिनीवर बसली.

"रिबी, मी आलेय."

तिनं कणगीला पाठ टेकली.

"मी तुझ्यावर रागावलेली नाही गं."

मागून हुंदका. आणि मग बारीक आवाज —

"रागवायला पाहिजे, बाई. बन्यादादा माझ्यामुळं गेला."

"तुझ्यामुळं? कशावरून?"

"तुम्हीच म्हणालात ना, राजाला सांगितलं की काम होतंच. मी म्हणाले, माझ्या बाबांना वर आण. आणि बन्यादादाचं नाव... बन्यादादाचं नाव घ्यायचं राहून गेलं! मी विसरले, बाई! मी नाव घेतलं असतं तर तोही आला असता!"

ऐकलंत? ऐकलंत, मंडळी? त्या एवढ्याशा पोरीनं बन्यामीनचं मरण आपल्या डोक्यावर घेतलं होतं! दोन वेण्यांच्या त्या डोक्यावर! कुणी ठेवलं ते ओझं? दुष्टानं? शत्रूनं? नाही — जीव लावणाऱ्या बाईनं, गोड गोष्ट सांगून! कारण देव जर आपल्या हुकमाचा गडी असेल, तर मग जे जे बिघडलं ते हुकूम देणाऱ्याच्याच चुकीनं बिघडलं! मग रिबीनं जन्मभर कणगीमागं बसायचं!

सालोमीबाई कणगीमागं सरकली. तिनं हात घातला आणि पोरीला ओढून मांडीवर घेतलं.

"रिबी, माझ्याकडं बघ. मी तुला चुकीचं शिकवलं. बाई चुकली. ऐकतेस? बाई चुकली! तू विसरलीस, बरोबर. मग काय देवही विसरला? बन्या विहिरीत आहे, हे त्याला तू सांगितल्यावर कळणार होतं?"

रिबीनं मान हलवली. नाही.

"तुझी शेळी आली ती तू मागितलीस म्हणून त्याला करावंच लागलं, असं नव्हतं गं. तो दयाळू आहे म्हणून आली. आणि तू एक नाव विसरलीस म्हणून राज्य कोसळतं, असंही नाही. राज्य त्याच्या खांद्यावर आहे, बाळ. तुझे खांदे बघ केवढेसे! उतरव ते खाली."

"मग त्यानं बन्यादादाला का नाही काढलं?"

आली बघा वेळ! हाच तो प्रश्न. काय सांगितलं बाईनं? जिला प्रत्येक प्रश्नाचं उत्तर येत होतं, ती म्हणाली —

"मला माहीत नाही."

आणि दोघी रडल्या. मग पोरगी म्हणाली, "खाली तो एकटाच होता ना, बाई?"

आणि तेव्हा खाटेवरून संपत बोलला. इतक्या दिवसांत तो कुणाशीच धड बोलला नव्हता.

"एकटा नव्हता." त्याचं तोंड अजून भिंतीकडंच होतं. "मी त्याला म्हणालो, बन्या, आधी तू जा, तुझं वय लहान. कड पडतीय. तर हसला. त्या चिखलात, पाण्यात, हसला, बाई! म्हणाला, संपतभाऊ, वरही त्याचंच, खालीही त्याचंच. मी कुठं परक्याच्या घरात चाललोय? तुम्ही बसा. आणि स्वतःचा दोर सोडून मला बांधला. मला सांगायचं होतं तुम्हाला, पण... जिवंत असल्याची लाज वाटत होती."

सालोमीबाईनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

ज्याला शाळेत काही आलं नाही म्हणून ती हळहळायची, त्यानं तिचाच धडा तिच्यापेक्षा नीट पाठ केला होता! तिनं शिकवलं होतं, देव राजा आहे, म्हणून हवं ते मिळेल. आणि तो शिकला होता, देव राजा आहे, म्हणून मी भीत नाही! आणि हे तो कुणापासून शिकला? ज्यानं आपलं सिंहासन सोडलं, आपण जिथं गाडलो गेलो होतो तिथवर खाली उतरला, आपल्याला वर पाठवलं आणि स्वतः क्रूसावर मागं राहिला, त्याच्यापासून! आपला राजा काठावरून हुकूम सोडणारा राजा नाही, मंडळी! म्हणून तर त्याच्या राज्यावर भरवसा ठेवायचा. आपल्याला सगळं समजतं म्हणून नव्हे. त्याचे खिळ्यांनी भेदलेले हात आपण बघितलेत म्हणून!

बाईनं डोळे पुसले. रिबीला उचललं आणि बापाच्या छातीवर नेऊन ठेवलं. "घे," म्हणाली, "तुझी मुलगी. आणि लाज कसली बाळगतोस? माझ्या भावानं जे केलं ते तू असं भिंतीकडं तोंड करून वाया घालवणार आहेस का?" पोरगी बापाला बिलगली. बाप हमसून हमसून रडला. आणि सालोमी त्या घरात चहा पिऊन, मगच उठली.

पुढच्या रविवारी पडवी भरली. बाई पोरांसमोर उभी राहिली आणि आधी त्यांची माफी मागितली. मोठ्या माणसानं लहानांची! मग म्हणाली, "पोरांनो, मागायचं ते मागा. मोकळ्या मनानं मागा, रडून मागा, भांडून मागा. तो बाप आहे, ऐकतो. पण देणं-न देणं त्याच्याकडं राहू द्या. आणि रात्री झोपताना जगाची काळजी उशाशी घेऊन झोपू नका. तुम्ही झोपलात तरी तो जागा असतो." एका पोरानं विचारलं, "बाई, तुम्हाला अजून रडू येतं?" ती म्हणाली, "रोज येतं." आणि गोष्ट सांगायला लागली. आवाज पहिल्यासारखा नव्हता. हळू होता. पण सांगतात, त्या दिवशी पोरांनी चुळबुळ केली नाही.

मंडळी, आता माझी बोटं तुमच्याकडं वळतात. आईबाप हो! लेकरांना काय शिकवताय? परीक्षेत पास केलं तर देव मोठा, नापास केलं तर देव रुसला? आजी बरी झाली ती प्रार्थनेनं, आणि नाही झाली तर कुणाची तरी श्रद्धा कमी पडली? अहो, घरात एखादं लेकरू कणगीमागं बसलंय का ते बघा! कुणाच्या भांडणाचं, कुणाच्या आजाराचं, कुणाच्या मरणाचं ओझं "मीच वाईट म्हणून" असं समजून डोक्यावर घेऊन बसलंय का, ते आज घरी जाऊन विचारा! आणि उत्तर ठाऊक नसेल तेव्हा "मला माहीत नाही" म्हणा. त्यानं देवाचं सिंहासन हलत नाही. हललाच तर आपला तोरा हलेल — हलू द्या!

आणि तुम्ही, पुढं बसलेली माझी चिल्लीपिल्ली. गोळीकडं बघू नका, मिळणार आहे. आधी माझ्याकडं बघा. जग चालवायचं काम तुमचं नाही. ज्याचं आहे तो ते करतोय, आणि तुमचं नाव त्याला पाठ आहे. तेव्हा आज घरी जा, पोटभर जेवा, आणि आईच्या कुशीत निवांत झोपा.